खाज सुटली

माझी बायको त्रिशला पूर्ण बरी झाली. तिची खाज गेली. आरोग्य खात्याने तसं हिरव्या अक्षरांत जाहीर केलं, खाली टाळ्या वाजवणाऱ्या हातांचं चित्र टाकलं, आणि अभिनंदनाचा संदेश माझ्या आईला, तिच्या आईला आणि कसल्यातरी चुकीने आमच्या इस्त्रीवाल्यालाही पाठवला.

असं काही झालेलं नाही. वरचं वाचलंच नाही असं समजा. आपण पहिल्यापासून सुरू करू.

त्रिशलाला खाज होती. खाज म्हटलं की माणसं हसतात, तेव्हा आधी हसून घ्या. मी थांबतो.

झालं? बरं.

अंगावर पुरळ नाही, डाग नाही, काही नाही. आतूनच कुठूनतरी यायची. कधी मानेवर, कधी पोटरीवर, कधी पाठीवरच्या त्या जागी, जिथे स्वतःचा हात पोचू नये अशीच माणसाची बांधणी आहे. ती खाजवायची, कातडं सोलवटायचं, रक्त दिसलं की घटकाभर बरं वाटायचं. मी गडद रंगाच्या चादरी आणायला लागलो. त्याबद्दल आम्ही दोघं कधी बोललो नाही. ती नुसती म्हणाली, "चॉकलेटी छान आहे."

आम्ही मिरजेचे. मिरजेत दगड भिरकावला तर तो डॉक्टरला लागतो, आणि त्याने चुकवला तर मागच्या डॉक्टरला लागतो. सगळ्यांनी त्रिशलाला तपासलं. रक्त, यकृत, थायरॉईड, मूत्रपिंड. सगळ्यांनी एकच सांगितलं, "सगळं नॉर्मल आहे." शेवटी आमच्या घरात ती शिवी झाली. दूध उतू गेलं की त्रिशला गॅसकडे बघून म्हणायची, "नॉर्मल मेला!"

नातेवाइकांचं निदान झटपट होतं: हळद लाव. मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या सौद्यात काम करतो. बाकीचा सगळा बाजार पडद्यावर गेला, पण हळद अजून नाकाने घ्यावी लागते, म्हणून आम्ही उरलोय. रोज संध्याकाळी मी भुवयांसकट पिवळा होऊन घरी येतो. हळदीने खाज जाणार असती तर दारातच गेली असती, मी चपला काढायच्या आत.

आईचं मत वेगळं होतं. भाकरी थापता थापता त्रिशलाने कोपराने मान घासली की आई म्हणायची, "मनाचं असतंय गं ते. लक्ष दुसरीकडं घाल."

त्रिशलाचं लक्ष दुसरीकडेच असायचं. तिचं कामच तसं. 'कृष्णातीर' वाहिनीवर रोज सातच्या बातम्यांत पडद्याच्या कोपऱ्यात एक गोल असतो, त्यात उभी राहून ती बातम्या खुणांच्या भाषेत सांगते, कर्णबधिर प्रेक्षकांसाठी. तिथे हात म्हणजे जीभ. बोलता बोलता तुम्ही मान खाजवलीत तर वाक्यात काही फरक पडत नाही. तिने खाजवली तर पडतो.

एकदा पाणीकपातीची बातमी होती. मधेच तिच्या हनुवटीखाली आग उठली, तिथून खांद्यावर गेली, तिने दोन्हीकडे हात मारले आणि लगेच बातमीवर आली. दुसऱ्या दिवशी तातोबा शिंदे नावाच्या प्रेक्षकांचा कवठेमहांकाळहून संदेश आला: "गुरुवारी पाणी येणार नाही हे समजले. पण उंट कशासाठी येणार आहे?"

आम्ही तो संदेश वाचून जमिनीवर लोळलो. तेव्हापासून आमच्यात खाजेला उंट म्हणतात. "आला का?" "आलाय, पोटरीवर बसलाय."

वाहिनीचे व्यवस्थापक मात्र लोळले नाहीत. संगणकाने काढलेले दोन हात त्यांच्याकडे तयार होते. चोवीस तास बातम्या सांगणारे, चहा न पिणारे, खाज नसलेले. ते म्हणाले, "मॅडम, अजून एक उंट आला तर माझा नाइलाज आहे."

त्याच महिन्यात आम्हाला डॉ. रेहाना मुजावर भेटल्या. त्यांनी सगळे जुने कागद वाचले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुम्हाला हे का होतंय, मला माहीत नाही."

त्रिशला रडायला लागली. मी घाबरलो. ती हुंदक्यातून म्हणाली, "नाही रे. पहिल्यांदाच कुणी नॉर्मल म्हणालं नाही."

डॉक्टरांनी मग समजावलं. खाज आणि वेदना या चुलत बहिणी, दोघींचं पटत नाही. खाजेचा निरोप कातड्यातल्या बारीक नसांमधून मणक्यात येतो आणि तिथून मेंदूकडे जातो. मणक्यात काही चेतापेशी दारवानासारख्या बसलेल्या असतात. आपण खाजवतो तेव्हा कातड्याला किंचित दुखतं. त्या दुखण्याने दारवान जागा होतो आणि खाजेला म्हणतो, पुरे, आता आत सोडत नाही. म्हणून खाजवल्यावर बरं वाटतं.

"हिचा दारवान झोपलाय," डॉक्टर म्हणाल्या. "त्याला उठवायला ही इतकं खाजवते की रक्त येतं."

"मग यंत्रानं उठवा की," मी म्हणालो.

"करून बघितलं लोकांनी. दोन दिवस चालतं. स्वतःला गुदगुल्या करून बघा, हसू येत नाही. का? आपला हात कुठे जाणार हे मेंदूला आधीच ठाऊक असतं, तो लक्षच देत नाही. यंत्राची लयही तो अशीच पाठ करतो. पण दुसरं माणूस खाजवतं ते प्रत्येक वेळी वेगळं. कधी जोरात, कधी उशिरा, कधी भलतीकडे." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "त्यातून नवरा असेल तर फारच."

म्हणून दोन चकत्या. एक तिच्या मानेवर, एक माझ्या. तिला खाज आली की नेमकी ती जागा माझ्या अंगावर हलकेच टोचणार, शंभरातला एक भाग. मी माझ्याच अंगावर तिथे खाजवायचं. त्या खाजवण्याचा निरोप तिच्या मणक्यात जाणार आणि दारवान उठणार. तिचं कातडं शाबूत. सरकारी नाव: सहकंडू संच. कंडू म्हणजे खाज. सरकारला खाज म्हणायला लाज वाटते.

चकत्या लावल्या. पाच-दहा मिनिटांत माझ्या डाव्या कोपराजवळ मुंगी चालल्यासारखं झालं. मी खाजवलं. समोर बसलेल्या त्रिशलाने डोळे मिटले.

"जरा वर," ती म्हणाली.

मी वर खाजवलं.

"तुझं वर. माझं नाही."

आमच्या लग्नाचं सार यात आलं. पण त्या रात्री चादर स्वच्छ राहिली.

माझे दिवस मात्र बदलले. सौद्यात ढिगाभोवती व्यापारी उभे राहतात, पुकारा होतो, आणि ज्याला बोली वाढवायची तो ओरडत नाही. आमच्याकडे हात मानेपर्यंत गेला तरी पुरतो. पहिल्याच आठवड्यात त्रिशलाच्या मानेवर उंट आला आणि अकरा पोती हळद माझ्या नावावर चढली.

पेढीचे मालक बाबगोंडा आण्णा शांतपणे म्हणाले, "सन्मती, तुझं आईबापानं नाव काय ठेवलंय आणि तू करतोस काय?"

"आण्णा, बायकोला खाजत होतं."

आण्णांनी ढिगातलं एक हळकुंड मोडून हुंगलं. "आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली," ते म्हणाले. "हे कारण मला सुचलं नाही." मग पुकारणाऱ्याला त्यांनी सांगून टाकलं, "ह्याचा हात धरायचा न्हाई. ह्यानं तोंडानं बोललं तरच बोली."

पुढच्या दीड वर्षात मला बायको नव्याने कळली. मी ढिगाजवळ उभा असायचो आणि अकरा वाजता पाठीवर टोचायचं: म्हणजे ही आता उन्हात कपडे वाळत घालत असणार. चारला पोटरी: चहा उकळतोय. सातच्या आधी मान: आज बातम्या अवघड आहेत. फोन करायची गरज उरली नाही. दोघांमध्ये एक तार होती आणि तिच्यावर उंट ये-जा करत होते.

मधे माझा मूतखडा काढायचा ठरला. भूल दिलेला माणूस खाजवण्याच्या कामी येत नाही. माझी चकती कुणाला लावायची?

"आणा इकडं," आई म्हणाली. "त्यात काय एवढं."

पुढचं मला त्रिशलाने सांगितलं. आई तांदूळ निवडत बसली होती. पहिल्यांदा टोचलं तेव्हा तिने डास समजून फटका मारला. दुसऱ्यांदाही मारला. तिसऱ्यांदा तिने हात वर नेला आणि तिथेच थांबली.

"हे थांबत न्हाई होय गं?"

"नाही, आई."

"आणि मला येतंय ते किती?"

"शंभरातला एक भाग."

आईने ताट खाली ठेवलं. दोन खडे वेचून बाजूला टाकले. मग म्हणाली, "आणि एवढं घेऊन तू भाकऱ्या थापत होतीस. वर माझं ऐकून घेत."

त्रिशला म्हणाली, "त्यात काय एवढं."

त्या संध्याकाळी आईने तांब्याचा हंडा घासावा तसं स्वतःला खाजवलं. त्रिशला म्हणते, इतकी शांत संध्याकाळ तिला आठवत नाही. मी दवाखान्यातून घरी आलो तेव्हा आई फोनवर सगळ्या नात्यागोत्याला सांगत होती, "मनाचं-बिनाचं काई न्हाई. मी सोत्ता बघून आल्ये!" जसं काही ती खाजेच्या गावाला जाऊन आली होती.

आता तपासताई.

तपासताई म्हणजे खात्याचा आवाज. दर महिन्याला फोन करते, प्रकृती विचारते, निर्णय देते. माणूस नाही. तिला मराठी शिकवलं ते सरकारी परिपत्रकं वाचायला देऊन, त्यामुळे ती कुणाशीही बोलताना समोर शिपाई उभा असल्यासारखी बोलते.

"त्रिशलाताई, आपल्या खाजेची सद्यस्थिती कथन करावी."

"सुटते की रोज," त्रिशला मटार सोलत म्हणाली.

"आज?"

"आत्ताच सुटली बघा, तुमच्याशी बोलता बोलता."

"पूर्ण अंगाची?"

"मानेपासून पायापर्यंत. काय सांगू तुम्हाला."

"हार्दिक अभिनंदन."

आम्हाला ते अभिनंदन जरा विचित्र वाटलं. पण सरकार अभिनंदन करतंय म्हटल्यावर खोलात कोण जातं?

तुमच्या लक्षात आलं असेलच. परिपत्रकांत कैदी सुटतो, कचेरी सुटते, व्यसन सुटतं. सुटणं म्हणजे जाणं. खाज सुटते तेव्हा ती येते, हे कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नाही, कारण कुठल्याही परिपत्रकाला कधी खाज सुटलेली नाही.

दुसऱ्या दिवशी हिरवी अक्षरं आली. तुम्ही वाचली नव्हती ती. खाली बारीक ओळ होती: बऱ्या झालेल्या रुग्णाचा संच परत घेतला जाईल.

डॉ. मुजावरांनी लगेच कळवलं की रुग्ण बरी झालेली नाही. उत्तर आलं की डॉक्टरांना फक्त रुग्णाबद्दल मत देता येतं आणि त्रिशला आता रुग्ण नाही. मग आम्ही सुनावणी मागितली. पडद्यावर उपसंचालक धामणकर आले. सज्जन चेहरा, पुढे टेबल.

"बाई, तुम्ही स्वतःच म्हणालात, खाज सुटली."

"सर, सुटली म्हणजे आली."

"सुटली म्हणजे गेली."

"गाडी सुटली म्हणजे गेली. वारा सुटला म्हणजे आला," त्रिशला म्हणाली. "घाम सुटतो, वास सुटतो. आणि सर, पोट सुटतं तेव्हा ते कुठं जातं? तिथंच असतं ना?"

धामणकरांनी खुर्ची टेबलाच्या आणखी जवळ ओढली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "मला कळत नाही का हो? उन्हाळ्यात मीसुद्धा हेच म्हणतो. पण निर्णय ताईने दिलाय."

"तुम्ही ताईच्या वरचे ना?"

"पूर्वी होतो."

त्यांनी फेरतपासणी तेवढी लावून दिली. यावेळी त्रिशलाने शब्द तोलून वापरले. "खाज जात नाही," ती सावकाश, एकेक अक्षर ठेवत म्हणाली.

"जी सुटली तिच्या जाण्याचा प्रश्न उद्भवत नाही," ताई म्हणाली. "विधान विसंगत आहे. आपणांस मन प्रसन्न ठेवण्याबाबतची चित्रफीत पाठवण्यात येत आहे."

मी हसलो. त्रिशलाही हसली. मग ती हसायची थांबली.

"सन्म्या," ती म्हणाली, "परत मनावरच आलं रे."

संच न्यायला माणूस आला तो बिचारा दारातच उभा राहिला. आईने त्याला चहा दिला आणि तो चहा पिताना त्याच्याकडे असं बघितलं की त्याने बिस्किटाला हात लावला नाही. त्रिशलाने स्वतःच माझ्या मानेवरची चकती काढली. निघताना टचकन आवाज झाला. त्यानंतर माझ्या अंगावर काही नव्हतं. अकराला पाठ गप्प, चारला पोटरी गप्प. इतकं नॉर्मल मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पुन्हा चॉकलेटी चादर काढली.

चौथ्या दिवशी सकाळी ती खिडकीशी उभी राहून खांदा ओरबाडत होती. मी समोर चहा पीत होतो. दीड वर्षाची सवय, माझा हात आपोआप माझ्या खांद्यावर गेला आणि खाजवू लागला. तिचा हात थांबला.

"परत कर."

"काय?"

"ते. तू आत्ता केलंस ते."

मी केलं. तिने माझ्या बोटांकडे बघत डोळे बारीक केले. "सगळी नाही गेली," ती म्हणाली. "पण उंट खाली बसला."

आम्ही डॉ. मुजावरांकडे धावलो. त्या म्हणाल्या, "होऊ शकतं. तुमचा हात हलला की हिला आराम, हे मेंदूने इतके दिवस घोकलंय. आता नुसता हात दिसला तरी दारवान थोडासा उठतो. चिंच बघून तोंडाला पाणी सुटतं ना—"

"डॉक्टर, तो शब्द नको," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"बरं. येतं. पाणी येतं."

"हे टिकेल किती दिवस?"

"माहीत नाही."

त्यांचं हे आम्हाला फार आवडतं.

अडचणी दोन होत्या. एक, तिला मी दिसायला हवा. ती सोपी. आण्णांनी मला लवकर सोडायचं कबूल केलं ("जा बाबा, तेवढंच हळदीचं वाचेल") आणि मी रोज सातला स्टुडिओत कॅमेऱ्याशेजारच्या स्टुलावर बसू लागलो. दुसरी अडचण अशी की तार तुटली होती. उंट कुठे बसलाय हे मला कळणार कसं? तोंडाने ती सांगू शकत नव्हती, शेजारी निवेदिका बोलत असायची.

मग त्रिशलाने तिच्या भाषेत सांगायला सुरुवात केली. दोन बातम्यांच्या फटीत, श्वासाएवढ्या जागेत, एक छोटी खूण: डावा खांदा. मी डावा खांदा खाजवायचो. पुढची बातमी. उजवी पोटरी. मी स्टुलावर वाकायचो. कॅमेरामनला वाटलं मला सुरवंट लागलाय.

दोन आठवडे बातम्यांत तिने एकदाही स्वतःला हात लावला नाही. मग व्यवस्थापकांनी आम्हाला बोलावलं. त्यांच्या हातात तातोबा शिंद्यांचा नवा संदेश होता आणि टेबलावरच्या पडद्यावर ते संगणकाचे हात सराव करत होते.

"वाचा," ते म्हणाले.

त्रिशलाने वाचलं. "सौ. मगदूम यांस. तुम्ही रोज बातम्यांच्या मधे डावा खांदा म्हणता. काल रस्तादुरुस्तीनंतर पोटरी म्हणालात. आधी मला चूक वाटली. आता वाटते, समोर बसलेल्या कुणाला तरी सांगता आहात. दुखते आहे की खाजते आहे? वाहिनीला विनंती, सातच्या बातम्यांना ते संगणकाचे हात आणू नयेत. सकाळच्या बातम्यांना बघितले. ते हात कुणाचेच नाहीत."

व्यवस्थापकांनी घसा खाकरला. "असे सदतीस आलेत," ते म्हणाले. "आता याचं उत्तर द्यावं लागेल. थोडक्यात. नमस्काराच्या आधी."

त्या संध्याकाळी हवामान झालं आणि त्रिशला क्षणभर थांबली. मग तिने कॅमेऱ्याकडे बघून हातांनी सांगितलं: खाजतंय. खूप दिवस. का, ते माहीत नाही. समोर नवरा आहे.

दुसऱ्या दिवशी निरोपांचा पूर आला. जतमधून, तासगावातून, विट्यातून. एका घरातून चित्रफीत होती. तीन पिढ्या टीव्हीसमोर ओळीने बसलेल्या, आणि तिने डावा खांदा म्हणताच सगळ्यांचे हात आपापल्या डाव्या खांद्यावर. खाली लिहिलं होतं: "आम्ही पण खाजवतोय. पोचतंय का?"

विज्ञानाच्या दृष्टीने पोचणं शक्य नाही. त्रिशलाला ते दिसत नव्हते. दारवान अनोळखी माणसाच्या हाताने उठत नाही. हे तिला ठाऊक होतं. तरीही बातम्यांच्या शेवटी तिने नमस्काराआधी एक खूण केली: पोचतंय.

घरी जाताना मी विचारलं, "खोटं बोललीस?"

"थोडंसं." गाडीवर ती माझ्यामागे बसली होती. तिचा हात माझ्या पाठीवर, त्या न पोचणाऱ्या जागी होता. "पण सन्म्या, इतकी वर्षं सगळे मला नॉर्मल म्हणत होते. आता निम्मा जिल्हा खाजवतोय."

मग ती म्हणाली, "जरा वर." मी एका हाताने हँडल धरलं आणि दुसरा माझ्या मानेवर नेला.

खाज आहे. नोकरी आहे. चादरी अधूनमधून चॉकलेटी असतात. मी मात्र काल बसून एक अर्ज केला. त्याची नक्कल खाली देतो.

प्रति,
मा. उपसंचालक, (तपासताईंच्या खालचे)

विषय: खाजेवर सहहिस्सेदार म्हणून नाव लावण्याबाबत.

महोदय,
सदर खाज आपल्या दप्तरी सुटलेली असून प्रत्यक्षात आमच्या घरी वस्तीस आहे. ती आजपर्यंत माझी पत्नी सौ. त्रिशला हिच्या एकटीच्या नावे चालत आली आहे. लग्नानंतर घरातले सर्व काही दोघांचे, असे असता ही एकच बाब तिच्याकडे राहिली, हे योग्य नाही. संच काढून घेतल्यापासून माझ्या वाट्याचा शंभरावा भागही बंद झाला आहे व मला चैन पडत नाही. तरी सदर खाजेपैकी निम्मी, म्हणजे मान, डावा खांदा व पाठीवरची हात न पोचणारी जागा, फेरफार करून कायमस्वरूपी माझ्या नावे करून मिळावी. माझ्या आईने एक आणा हिस्सा मागितला आहे, तिच्या नावास माझी हरकत नाही. उंट सामाईक ठेवावा.

कळावे, ही नम्र विनंती.

आपला,
सन्मती मगदूम, मिरज